अप्पांना हवी होती ती बंदूक

माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो, एका दुपारी जेवता जेवता म्हणाले, "माय, तुला बंदुकीतलं कळतंय न्हवं?"

सकाळच्या सलग बॅचेस घेऊन मी नुकतीच क्लासवरून आले होते. घसा बसलेला, बोटांना मार्करची शाई. मी भाकरी मोडत "कळतं थोडंफार" म्हणाले आणि विषय विसरून गेले. अप्पा विसरले नाहीत. त्यानंतरचं जवळजवळ वर्ष आमच्या घरात बंदुकीशिवाय दुसरं काही बोललं गेलं नाही, आणि त्या वर्षात मी जितकी चिडले तितकी आधी कधी चिडले नव्हते.

थोडंफार कळत होतं त्याचं कारण नांदेड. तिथं कॉलेजात असताना मी एनसीसीत होते. पोटावर झोपायचं, कोपर मातीत रुतवायचं, श्वास अर्धा सोडून थांबायचं आणि ट्रिगर इतका हळू दाबायचा की गोळी कधी सुटली हे आपल्यालाही कळू नये. मला ते जमायचं. एक मेडल मिळालं होतं आणि रायफल हातात घेतलेला एक फोटो होता. लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा आईने तो फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला. लातूरची माणसं काय म्हणतील, ही तिला धास्ती. पुढे एकदा अप्पा नांदेडला आले असताना कपाट उघडं राहिलं आणि त्यांनी तो पाहिला. आईला म्हणाले, "हा इथं कशापायी ठेवलाव? लावा की भिंतीवर." तेव्हापासून ते मला आवडायला लागले.

अप्पांचं बाजारात आडतीचं दुकान होतं. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा येत नसे. असा माणूस बंदूक मागतो म्हणजे काय, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

भूकंपात त्यांची थोरली बहीण गेली. औशाकडच्या एका गावात तिचं दगडमातीचं घर होतं. अप्पांनी स्वतःच्या हातांनी तिथले दगड उपसले. परत आले ते छताखाली झोपायचंच सोडून. आधी अंगणात झोपायचे, मग पत्र्याखाली. माझ्या नवऱ्याने किती वेळा समजावलं की पडली ती मातीची घरं, सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या. अप्पा शांतपणे म्हणायचे, "ज्याच्या अंगावर पडतंय त्याला दगड काय आन् स्लॅब काय."

पुढे गावात क्लासेसची लाट आली. नायगाव, हिमायतनगर, कुठून कुठून पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन लातूरला उतरायला लागली. गल्लोगल्ली मेस, झेरॉक्स, होस्टेल. मी फिजिक्स शिकवायला लागले आणि नवऱ्याने दुकानामागचं गोदाम पाडून चार मजली होस्टेल बांधलं. तळमजल्यावर आम्ही राहायला गेलो. अप्पांनी काही दिवस पार्किंगमध्ये खाट टाकली, आणि एक दिवस कपड्यांची पिशवी घेऊन देवणीकडच्या आमच्या रानात निघून गेले. तिथं पत्र्याची एक खोली होती, दोन देवणी गाई होत्या. शेजारच्या रानातलं एक जोडपं त्यांना दोन वेळचं जेवण करून द्यायचं. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या दुपारी लातूरला येऊन जेवून जायचे, तेवढंच.

नवऱ्याला हे सहन होत नव्हतं. लोक काय म्हणत असतील, होस्टेलमध्ये शंभर पोरं आणि बाप पत्र्याखाली. तो दर रविवारी जाऊन "घरी चला" म्हणायचा. त्या वर्षी रानडुकरं वाढली, सोयाबीन लोळवलं, तेव्हा त्याला नवीन मुद्दा सापडला. डुकरं माणसावरही येतात, तुम्ही एकटे, काही झालं तर. यावर अप्पांनी काढलेला तोडगा म्हणजे बंदूक. बंदूक असली की मुलाचं तोंड बंद.

मी आधी साधं सांगून पाहिलं. छऱ्याच्या बंदुकीने डुक्कर मरत नाही, जखमी होतं, आणि जखमी डुक्कर जास्त वाईट. शिवाय वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही.

"मारायचं कोन म्हनतंय?" अप्पा म्हणाले. "भेव दाखवायचं."

"भेव दाखवायला फटाके आहेत की."

"फटाक्याला सरावलीत ती."

तिकडे माझा नवरा, जो या बंदुकीच्या विरोधात असायला हवा होता, तोच दोन दिवसांत फिरला. फोनवर परदेशातले व्हिडिओ बघायला लागला. कुणीतरी जाडजूड माणूस हिरव्यागार माळावर पालथा पडून लांबचं कलिंगड फोडतोय. "ही बघ, पीसीपी म्हणतात हिला. यात स्प्रिंग नसते, आधीच दाबून भरलेली हवा असते," असं तो मला सांगायचा. मला. क्लासमध्ये दोनशे पोरांना मी दाब, घनफळ आणि गतिज ऊर्जा शिकवत होते, आणि घरी येऊन ऐकत होते की हवा दाबून भरता येते.

शेवटी अप्पांना मीच नीट समजावलं. जत्रेत फुगे फोडतात ती बंदूक नळी मोडून स्प्रिंग ताणायची असते, दर वेळी एकदा. या बंदुकीला नळीखाली एक टाकी असते. त्यात एकदा हवा भरली की बरेच छरे सुटतात, आणि स्प्रिंगचा झटका बसत नाही म्हणून नेम चांगला राहतो.

"म्हंजे पंक्चरवाल्याची टाकी," अप्पा म्हणाले.

"तसंच. फक्त दाब ट्रकच्या टायरपेक्षाही वीस-पंचवीस पट."

"फुटत न्हाई का?"

"चांगली घेतली, सांभाळली, तर नाही."

"मंग चांगलीच घ्यायची. सगळ्यात जोराची. आन् दुर्बीण मोठी पायजे."

हे "सगळ्यात जोराची" आणि "दुर्बीण मोठी" मी त्या वर्षात किती वेळा ऐकलं असेल. मी म्हणायचे, जोर वाढला की टाकी लवकर रिकामी होते, वजन वाढतं, आवाज वाढतो. आणि एका मर्यादेपुढे जोर गेला, किंवा छऱ्याची जाडी वाढली, की ती खेळाची बंदूक राहत नाही, खऱ्या बंदुकीसारखं लायसन लागतं. तुम्हाला नेमाची घ्यायची की जोराची, ते आधी ठरवा. अप्पा ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, आणि शेवटी म्हणायचे, "ते समदं खरं. पर जोराचीच बग."

नांदेडला माहेरी जायचं होतं तेव्हा त्यांना सोबत घेऊन गेले. तिथल्या एका दुकानात बंदुका मिळायच्या. दुकानदाराने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग माझ्याकडे पाठ करून अप्पांशी बोलायला लागला.

"बाबूजी, ही घ्या. हजार एफपीएस हाय. लई पॉवर."

"किती वजनाच्या छऱ्याने?" मी विचारलं.

"बाबूजी, इम्पोर्टेड नळी हाय हिची."

"सेकंदाला हजार फूट वेग सांगताय, तो हलक्या छऱ्याने मोजलाय का जड? हलका छरा वेगाने सुटतो, पण पुढे जाऊन त्यात काही राहत नाही. छऱ्याचं वजन सांगा, मी जोर काढते."

त्याने माझ्याकडे पाहिलं, हसला, आणि अप्पांना म्हणाला, "मॅडम लई शिकलेल्या दिसतात." त्यानंतर तो दुसरी बंदूक दाखवायला लागला. हिचा आवाज अजिबात येत नाही, शेजाऱ्यालासुद्धा कळणार नाही.

मी अप्पांकडे वळले. "भेव दाखवायचंय ना? आवाज न येणाऱ्या बंदुकीने कुणाला भेव दाखवणार?"

अप्पा दुर्बिणीला डोळा लावून रस्त्यापलीकडची पाटी बघत होते. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हिच्याहून मोठी हाय का?"

मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले. इतका राग आला होता की आईच्या घरी गेल्यावर जेवताना कुणाशी बोलले नाही. माझं कळणं त्यांना हवं होतं म्हणून मी त्यांना घेऊन आले होते, आणि माझं कळणं कुणी ऐकत नव्हतं. क्लासमध्ये मी फळ्यावर एक ओळ लिहिली की दोनशे वह्यांत ती उतरते. इथं एका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात ती शिरत नव्हती.

परत आल्यावर नवऱ्याने लायसनचं मनावर घेतलं. त्याला ती लायसनवालीच हवी होती, मोठ्या छऱ्याची. मग कचेरीचे खेटे. शेताचे कागद, पोलीस ठाण्यात चौकशी. साहेब मीटिंगमध्ये, साहेब दौऱ्यावर. मधल्या सुटीत क्लास सोडून मी दोनदा तिथल्या बाकावर बसून आले. आणि एवढं होऊन, जेव्हा डॉक्टरकडून तपासणी करून दाखला आणायचा तेवढा बाकी राहिला, तेव्हा अप्पाच मागे सरले. आज गाय आजारी, उद्या बाजार, परवा डॉक्टर नसेल. शेवटी म्हणाले, "लायसनचं जाऊ दे. बिगरलायसनची घे एखादी."

मी कपाळाला हात लावला. हेच मी पहिल्या दिवसापासून सांगत होते.

बिगरलायसनची पीसीपी मग मी त्याच नांदेडच्या दुकानातून निवडली. साधी, बारीक छऱ्याची, मध्यम वजनाची, टाकीवर दाब दाखवणारा काटा असलेली. दुर्बीण मात्र अप्पांच्या हट्टाने मोठी घेतली, इतकी मोठी की बंदूक पुढे जड वाटायला लागली. हवा भरायला लातुरात काही सोय नव्हती. पाण्यात बुडी मारणारे लोक वापरतात तसली सिलिंडरं मोठ्या शहरांत भरून मिळतात, इथं कोण बुडी मारणार? म्हणून हातपंप घेतला. सायकलच्या पंपासारखाच दिसतो, पण शेवटी शेवटी सगळं अंग टाकलं तरी दांडा खाली जात नाही. तो पंप अप्पांना झेपणार नव्हता आणि नवऱ्याची पाठ दुखते. म्हणजे मी.

एका रविवारी मी एकटीच रानात गेले. बांधामागे उंच मातीचा ढीग होता, पलीकडे कुणी नव्हतं. त्याच्यासमोर तेलाचा रिकामा डबा ठेवला. पंप मारून मारून हात थरथरायला लागले, साडी घामाने चिकटली, तेव्हा काटा जागेवर आला. आधी मी पाच-सहा छरे मारून दुर्बीण जुळवली. डब्याला भोकं पडली. इतक्या वर्षांनी कोपर टेकवलं होतं आणि हात अजून ऐकत होता, याचा जरा आनंद झाला. मग बंदूक अप्पांकडे दिली.

पहिला छरा कुठे गेला कळलं नाही. दुसरा मातीच्या ढिगाच्या पार कडेला लागला. मी सांगत होते, श्वास सोडा, थांबा, बोट हळू. तसंच करत होते. हात स्थिर होते, बसणं बरोबर होतं. छरा डब्याच्या आसपासही जात नव्हता.

"दुर्बीण बिघडलीया," अप्पा म्हणाले.

मी बंदूक घेतली, एक छरा मारला, डब्यावर टण आवाज झाला. परत दिली. पुन्हा तेच.

"अप्पा, डब्यावर कशाचं चित्र आहे?"

"सूर्यफुलाचं."

डब्यावर भुईमुगाच्या शेंगा होत्या. हातभर मोठ्या, लालभडक अक्षरांच्या खाली.

मी त्यांच्या शेजारी मातीत बसले. "उजवा डोळा झाका बरं. आता सांगा, डबा कुठंय?"

त्यांनी डोळा झाकला नाही. बंदूक मांडीवर आडवी ठेवली आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "दोन सालं झाली," म्हणाले. "आधी डावा गेला. आता उजव्यात बी धुरळा दिसायलाय."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"मला वाटलं, मोठी दुर्बीण आसली की दिसंल. दुकानात पाटी जरा दिसल्यावानी झाली होती."

"आणि जोराची कशाला?"

"आवाजाच्या अंगानं मारायचं. जोर आसला की नेम चुकला तरी लागंल कुठंबी."

मी आजूबाजूला पाहिलं. आवाजाच्या अंगाला काय काय होतं? गाई होत्या. शेजारचं जोडपं पाणी द्यायला बांधावरून जायचं. मी बंदूक त्यांच्या मांडीवरून उचलली, नळी ढिगाकडे धरली आणि एकही छरा न घालता एकामागून एक चाप ओढत टाकी रिकामी केली. इतका वेळ घाम गाळून भरलेली हवा फुसफुसत निघून गेली. मग मी बोलायला लागले ते थांबलेच नाही. कचेरीच्या बाकावर बसले ते, नांदेडच्या त्या माणसाचं हसणं ऐकलं ते, माझ्या बॅचेस बुडाल्या त्या. इतके महिने मला छऱ्याची जाडी विचारली, नळीची लांबी विचारली, पण दिसत नाही एवढं एक वाक्य तुमच्या तोंडातून निघालं नाही.

अप्पा खाली मान घालून ऐकत होते. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, "सांगितलं आसतं तर हितं ऱ्हाऊ दिलं आसतं का तुमी?"

राहू दिलं नसतं. त्याच संध्याकाळी गाडीत घालून नेलं असतं आणि चार मजल्यांच्या खाली झोपवलं असतं.

मी बंदूक आणि पंप गाडीत टाकले. निघताना त्यांना म्हणाले, "मोतीबिंदू असेल, ऑपरेशन करून घ्या. डोळा बरा झाला की मी स्वतः तुम्हाला इथं आणून सोडते. कुणी अडवणार नाही."

"तुझा नवरा?"

"त्याचं मी बघते."

ते बघणं सोपं गेलं नाही. नवरा आधी घाबरला, मग माझ्यावर उखडला. माझ्या बापाला शब्द देणारी तू कोण, म्हणाला. आंधळ्या माणसाला रानात सोडायचं का? मी म्हणाले, तू आंधळ्या माणसाला मोठ्या छऱ्याची बंदूक घेऊन देणार होतास. त्यानंतर चार-पाच दिवस आमचं बोलणं होस्टेलच्या पोरांच्या डब्यांपुरतं राहिलं. अप्पाही फोन उचलत नव्हते. आठवड्याने त्यांचाच फोन आला. "कवा यायचं?" एवढंच विचारलं.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं लातुरातच झाली, मधे काही आठवडे ठेवून. तेवढा काळ अप्पा आमच्याकडे राहिले. आत झोपायला तयार झाले, पण खाट दाराला लागून आणि दार उघडं. होस्टेलची पोरं येता-जाता "अप्पा, बरं हाय का" म्हणायची. ते प्रत्येकाला गाव विचारायचे. मी डोळ्यांत थेंब घालायला बसले की त्यांना छताकडे बघावं लागायचं, तेव्हा त्यांचा हात माझ्या मनगटावर घट्ट असायचा. एवढं होऊनही त्यांनी एकदासुद्धा नवऱ्याला म्हटलं नाही की ही इमारत बरी आहे.

पट्टी निघाल्यावर मी शब्द पाळला. नवराच गाडी चालवत होता, तोंड पाडून. रानात पोचल्यावर अप्पांनी गाईंच्या अंगावरून हात फिरवला, कापसाच्या पऱ्हाटीच्या ओळी बघत बांधावरून चालत गेले आणि परत येऊन मला म्हणाले, "बंदूक आनलीस का?"

"डुकरांसाठी नाही. कुंपणाला विजेचं झटका मशीन बसवतोय आपण."

"डुकराचं न्हाई म्हनत. डब्याचं म्हनतोय."

आणली नव्हती. पुढच्या खेपेला नेली. त्या दिवशी त्यांनी डब्याला लागोपाठ भोकं पाडली आणि प्रत्येक भोक जवळ जाऊन बघून आले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच आठवड्यात टाकीतून हवा गळायला लागली. नांदेडच्या दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, आतलं सील गेलं असेल, हैदराबादला पाठवावी लागेल. पाठवली. दोन महिन्यांनी आली. पंधरा दिवस चालली आणि पुन्हा गळायला लागली. पुन्हा फोन केला तर विचारतो, "मॅडम, हवा कोण भरतं?" मी भरते म्हटल्यावर म्हणाला, "तरीच."

झटका मशीनमुळे डुकरं बहुतेक थांबली आहेत, ओढ्याच्या अंगाने एखादं शिरतं. अप्पा पत्र्याखालीच राहतात. नवरा अजूनही रविवारी जातो आणि "घरी चला" म्हणतो, पण आता म्हणून झालं की चहा पिऊन परत येतो. बंदूक तशीच गळकी, खोलीत खिळ्याला टांगलेली असते. मी गेले की आधी पंप काढते, अंगातला जोर संपेपर्यंत हवा भरते, आणि आम्हा दोघांचे दहा-बारा छरे मारून होईपर्यंत काटा खाली यायला लागलेला असतो.